सात फोनांचं एकत्र कुटुंब

दुरून सत्ता चालवणं ही माणसाच्या चारित्र्याची सर्वांत कठीण परीक्षा असते. समोरच्याला आपण दिसत नाही, आपला हात मात्र त्याच्यापर्यंत पोचतो, आणि त्या हाताने काय करायचं हे ठरवताना आपल्या विवेकाखेरीज जवळ कुणीही नसतं. मोठमोठी साम्राज्यं या परीक्षेत नापास झाली. माझी परीक्षा कामोठ्यात एका हळदीच्या मांडवात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून झाली. माझ्या ताब्यात साम्राज्य म्हणून एक अँड्रॉइड फोन होता, आणि तोही माझा नव्हता.

फोन होता आमच्या घरमालकांच्या थोरल्या सुनेचा. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. शेती गेली, इमारत आली, आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत भाडेकरू म्हणून मी आलो. ते स्वतः मात्र पलीकडच्या गल्लीत, गावातल्या जुन्या जागेवर बांधलेल्या घरात सगळे एकत्र राहतात. घरमालकांना सगळे दादा म्हणतात. ते माझ्याहून वयाने लहान आहेत, तरी मीही दादाच म्हणतो. ते मला सर म्हणतात. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं तयार करण्यात माझी सगळी नोकरी सरली. पण मला चष्मा आहे, खोलीत पुस्तकं आहेत, आणि एकदा मी दादांच्या फोनवरचं अक्षर मोठं करून दिलं होतं. एवढ्या भांडवलावर माणूस कामोठ्यात सर होतो.

त्या अक्षराच्या निमित्तानेच मला या घराच्या फोनांची व्यवस्था कळली. एका दिवाळीला दादांनी घरातल्या सगळ्यांसाठी एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे सात फोन घेतले. सात घेतले की काहीतरी फुकट होतं. मिक्सर, असं मला अंधूक आठवतं. दुकानदाराने फोन सुरू करून देताना प्रत्येकाचा ईमेल विचारला. घरात ईमेल एकच होता, दादांचा. तो त्यांच्या सीएने उघडून दिला होता.

"घर एक, चूल एक," दादा दुकानदाराला म्हणाले, "मंग ईमेल सात कशाला?"

हा युक्तिवाद दुकानदाराला पटला. खरं सांगायचं तर मलाही पटतो. सातही फोन एकाच खात्यावर चढले. शिवाय सातही फोनांना एकच पॅटर्न, कारण घरात एकमेकांपासून लपवण्यासारखं काय असतं? आणि सातही फोनांच्या पडद्यावर एकच फोटो, कुलदेवीचा, मुखवट्याभोवती दिव्यांची रोषणाई असलेला. परिणाम असा झाला की घरातली एक बाई ब्लाउजच्या बाह्या शोधायची आणि दादांच्या धाकट्या भावाला, ज्यांना सगळे काका म्हणतात, दिवसभर बाह्या दिसायच्या. सगळ्यांचे नंबर सगळ्यांच्या फोनात. काकूंच्या माहेरचा गॅसवाला दादांच्या फोनात ठेकेदारांच्या मध्ये बसलेला. फोन अदलाबदल होणं तर रोजचंच. "तो घरी नाय, त्याचा फोन माज्या खिशात हाय," हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की त्यात विशेष काही आहे हे मला दिसेनासं झालं.

आता मावशी. दादांच्या पत्नीला मी मावशी म्हणतो. त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात विधी पुढे सरकतो तो धवलारणीच्या गाण्यावर. हळद दळायचा धवला वेगळा, लावायचा वेगळा, नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचा वेगळा. क्रम चुकला तर विधी चुकला. भटजीला एखादा मंत्र गिळता येतो. धवलारणीला ती सोय नाही, कारण समोर बसलेल्या साऱ्या म्हाताऱ्यांना ती गाणी ठाऊक असतात. फक्त त्यांना ती पहिल्या ओळीपासून उचलता येत नाहीत. उचलणारी एकच असते, आणि आमच्या बाजूच्या गावांत ती वर्षानुवर्षं मावशी होत्या. पलीकडच्या गावात आणखी एक धवलारीण आहे. दोघींचं वैर होतं असं मी म्हणणार नाही. दोघी भेटल्या की हसायच्या, आणि ते हसणं बघून आजूबाजूची माणसं गप्प व्हायची.

धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास मावशींच्या घशात एक गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशनने निघालीही सहज, पण डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. गाणं तर लांबच. म्हणजे पोटच्या पोराच्या हळदीला मावशींनी गप्प बसायचं. मग धवले कोण म्हणणार? दादा व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "पलीकडच्या गावाला सांगून ठेवू का?" मावशींना बोलता येत नव्हतं. त्यांनी हातातली पितळी वाटी जमिनीवर अशी ठेवली की दादांनी तो विषय परत काढला नाही.

राहिली थोरली सून. ती मूळची पनवेलकडची, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या मागे बसून झील धरायची, म्हणजे शेवटचे शब्द ओढायची. तिला गळा होता. पहिली ओळ उचलायची हिंमत नव्हती. ऑपरेशनच्या आधी मावशींनी तिला सगळे धवले म्हणून दाखवले होते आणि तिने ते आपल्या फोनवर रेकॉर्ड केले होते. मावशींनी एकच अट घातली होती. गाणी या फोनच्या बाहेर जायची नाहीत. कुणाला पाठवायची नाहीत, दुसऱ्या फोनात घ्यायची नाहीत. घरच्या ग्रुपवर एक गेलं की तासाभरात पलीकडच्या गावात वाजेल. डेटाच्या सुरक्षेबद्दल मी पुष्कळ लांबलचक लेख वाचले आहेत. त्यांचा सारांश एवढाच होता.

सून माझ्याकडे आली ती एक योजना घेऊन. सासूला ती आय म्हणते.

"सर, कानात इअरबड घालून बसते. वरून पदर घेते. आय कानात म्हनंल, तशी मी म्हनते."

"मग माझं काय काम?"

"माजे हात हलदीत. फोनला हात कसा लावू? गानी बदलायला कोन तरी पायजे."

"आणि नाही जमलं तर?"

"आज नाय जमला तर मना परत कोन बसवनार नाय," ती म्हणाली. "मंग मी जलमभर मागं बसून शेपूट ओढायची."

तर हे पणाला लागलं होतं. मी तिच्या फोनवर फोन दुरून चालवायचं एक ॲप टाकलं, नको तितक्या परवानग्या दिल्या, माझ्या फोनशी जोडून घेतलं. आता मी माझ्या फोनवर बोट ठेवलं की तिच्या फोनवर गाणं सुरू व्हायचं. आम्ही दोन दुपारी तालीम केली. ती स्वयंपाकघरात, मी बाहेर अंगणाकडच्या ओट्यावर. मध्ये भिंत. मी गाणं लावायचो आणि आतून तिचा आवाज यायचा. मला हे कबूल केलं पाहिजे की मला ते फार आवडलं. कंटेनरची कागदपत्रं करताना आपल्या एका बोटाने पलीकडे गाणं सुरू होतंय असा अनुभव येत नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी जेवणं उरकली आणि सून घाबरीघुबरी होऊन ओट्यावर आली. फोन नव्हता.

"कुठं ठेवला होता?"

"सकाली देवक बसवला तवा हातात व्हता. मंग पावने आले, मंग कं झाला मना ठाव नाय."

मी माझ्या फोनवरून तिचा फोन उघडला. उघडला! पडद्यावर कुलदेवी, आत सगळी रेकॉर्डिंग्ज जागच्या जागी, चार्जिंग अर्ध्याहून जास्त. फोन जिवंत होता, मी त्याच्या आत होतो, आणि तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. एखाद्याच्या डोक्यात शिरावं आणि त्याने डोळे मिटलेले असावेत, तशी गत. मग मी त्याचा कॅमेरा सुरू केला. सगळा पडदा लाल झाला. गडद, धूसर लाल. बाकी काही नाही.

एवढ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेत आणि निवृत्तीची त्यांना अजून खात्री पटलेली नाही. गणपतीत त्यांचं 'सायबर जागृती' या विषयावर व्याख्यान झालं होतं, शाल-श्रीफळासकट. पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नका, असं त्यांनी तळमळून सांगितलं होतं. त्यानंतर प्रोजेक्टर जोडेना, म्हणून त्यांनी व्यासपीठावरूनच आपला पासवर्ड ऑपरेटरला ओरडून सांगितला होता. सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं.

"लाल," ते म्हणाले. "म्हणजे फोन खिशात आहे. शर्ट लाल आहे. चोरी आहे ही."

"तसंच काही नाही," मी म्हणालो.

"नकाशावर बघा. खात्यातून फोन शोधता येतो."

हे खरं होतं. दादांच्या खात्यावरून मी फोन शोधायचं पान उघडलं. तिथे सात ठिपके होते. सातही ठिपक्यांचं नाव एकच, कारण फोन एकाच जातीचे. चार ठिपके घरात एकमेकांवर चढलेले, एक स्टेशनजवळ, एक पनवेलच्या बाजाराकडे, आणि एक तळोज्याच्या रस्त्याने पुढे पुढे सरकत होता.

"हाच," सेक्रेटरी म्हणाले.

दादांचा चेहरा पडला. "तलोज्याकरं? त्याच बाजूला त्या दुसऱ्या धवलारनीचा गाव हाय."

आतापर्यंत प्रश्न फोन गेल्याचा होता. आता तो धवले गेल्याचा झाला. ओट्यावर मावशी बसल्या होत्या. त्यांनी हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच धरून ठेवली.

"पुसून टाका," सेक्रेटरी म्हणाले. "दुरून सगळा डेटा पुसता येतो. एक बटण आहे. माहिती शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा नष्ट केलेली बरी. सुरक्षेचा पहिला नियम."

"पुसलं तर गानी?" सुनेने विचारलं.

"ती जाणारच."

"मंग मी संध्याकाली कं म्हनू?"

"ताई, मी तत्त्वाचं बोलतोय," सेक्रेटरी म्हणाले.

ते बटण माझ्या बोटाखाली होतं. दादा म्हणाले, "सर, दाबा," मग म्हणाले, "थांबा," मग म्हणाले, "तुमाला कं वाटतं?" मला काहीच वाटत नव्हतं. माझा अंगठा उगाच पडद्यावर तरंगत होता. मावशी उठल्या, जवळ आल्या, आणि त्यांनी माझ्या मनगटावर एक चापट मारली. जोरात नाही. पोळपाटावरची पोळी उचलणाऱ्या पोराला मारतात तशी. मग परत जाऊन बसल्या आणि सुपारी कातरली. पुसणं रद्द झालं.

मध्यममार्ग म्हणून मी तळोज्याकडे चाललेल्या ठिपक्याला दुरून कुलूप घातलं. म्हणजे त्या फोनच्या पडद्यावर मजकूर आला: हा फोन हरवलेला आहे, कृपया या नंबरवर कळवा. नंबर माझा. सेक्रेटरींचं समाधान झालं नाही. घराबाहेरचे सगळेच संशयित आहेत, असं ते म्हणाले. गर्दीत तर्कशास्त्र लवकर हरतं. मी स्टेशनजवळच्या आणि पनवेलच्या ठिपक्यांनाही कुलूप घातलं.

काही मिनिटांत माझा फोन वाजला.

"हॅलो. तुमचा फोन आमाला गावलाय."

"कोण बोलतंय?"

"मी कामोठ्याचा. तलोज्याला बरफ न्यायला आलताव. खिशात हात घातला तर तुमचा फोन निंगाला."

आवाज ओळखीचा होता. "काका, मी सर बोलतोय. तो तुमचाच फोन आहे."

"नाय हो सर. वर लिवलंय, हरवलेला हाय म्हनून. माजा कंदी हरवला?"

"तुमचा पॅटर्न टाकून बघा. उघडेल."

"दुसऱ्याच्या फोनला पॅटर्न कसा टाकू?" काका म्हणाले. "लोकं कं म्हनतील? मी पोलीस चौकीत देऊ का?"

"नको! घरी घेऊन या."

"घरी कशाला? कोनाचा हाय ते तरी सांगा."

काकांचा शर्ट कोणत्या रंगाचा आहे असं सेक्रेटरींनी मला विचारायला लावलं. काकांनी सांगितलं की पांढरा, आणि मला बरं वाटतंय ना असं विचारलं.

तेवढ्यात दुसरा फोन आला. काकू, पनवेलच्या बाजारातून. त्यांना कुणाचा तरी फोन आपल्या पिशवीत सापडला होता, आणि ज्याचा असेल त्याचा जीव किती टांगणीला लागला असेल म्हणून त्या ताबडतोब कळवत होत्या. तिसरा फोन नवऱ्या मुलाचा, म्हणजे ज्याची हळद होती त्याचा. तो स्टेशनजवळ दाढी करत होता. न्हाव्याच्या दुकानात आपला फोन कुणाशी तरी बदलला असं त्याला वाटलं होतं आणि त्यावरून त्याची शेजारच्या गिऱ्हाइकाशी बाचाबाची सुरू होती. मागून ते गिऱ्हाईकही ऐकू येत होतं. या घराबद्दल कुणी काही म्हणो, माझ्या पाहण्यात इतका प्रामाणिक परिवार दुसरा नाही. तिघेही आपापला फोन मालकाला परत करायला निघाले होते.

ते सगळे घरी पोचेपर्यंत मला एक गोष्ट सुचली. ती सर्वांत आधी सुचायला हवी होती. हरवलेला फोन, दुरून का होईना, माझ्या हातात होताच. त्याच्यातलाच नकाशा उघडून त्यालाच विचारायचं, तू कुठे आहेस? मी उघडला. निळा ठिपका आला आणि स्थिर झाला. तो आम्ही बसलो होतो तिथेच होता.

"इथंच आहे," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी ओट्यावरच्या माणसांचे शर्ट पाहिले.

मी त्या फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि हाताला लागलं ते पहिलं रेकॉर्डिंग लावलं. क्षणभर काही नाही. मग आतल्या खोलीतून, जिथे सकाळी देवक बसवलं होतं तिथून, मावशींचा आवाज आला. भरलेला, ठणठणीत, ऑपरेशनच्या आधीचा. धवला सुरू झाला. आम्ही सगळे उठून आत गेलो. समईच्या उजेडात देवकाची टोपली, तिच्यावर लाल कापड, आणि कापडाखालून मावशी गात होत्या. खऱ्या मावशी माझ्या शेजारी तोंड मिटून उभ्या. दादांच्या म्हाताऱ्या आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आली गो माय," त्या म्हणाल्या. "पावली."

मी गाणं थांबवलं. उलगडा आत्याबाईंनीच केला. सकाळी देवकाचं सामान मांडताना त्यांना पाटावर कुलदेवी दिसली. लखलखीत, आतून उजेड आलेली. तांदूळ, नारळ, आंब्याचा डहाळा आत ठेवतोय आणि देवी बाहेर पाटावर, हे त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी ती आत ठेवली आणि वर कापड झाकलं.

"आत्ये, तो माजा फोन व्हता," सून म्हणाली.

"देवी व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "मना कं दिसत नाय?"

सुनेने टोपलीकडे हात नेला आणि दोन-तीन आवाज एकदम आले. देवक बसलं की बसलं. लग्न लागून ते उठेपर्यंत टोपलीला हात लावायचा नाही, कापड उचलायचं नाही. दादांनी मान हलवली. मावशींनी बोट हलवलं. सेक्रेटरी म्हणाले की अपवादात्मक परिस्थितीत ठराव करून... पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"मंग कं करायचा?" सून रडकुंडीला आली.

मी थोडा विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की काहीच करायचं नाही. फोनला हात न लावता फोन चालवायचा, हीच तर आमची मूळ योजना. सून हळदीला बसणार ती याच खोलीच्या दाराशी. इअरबडला टोपली जवळच होती. बदल एवढाच होता की फोन आता देवांच्या ताब्यात होता, आणि पासवर्ड माझ्याकडे. गाणी बाहेर जायची भीती तर उरलीच नव्हती. इतक्या सुरक्षित जागी त्या घरातला एकही फोन कधी नव्हता.

संध्याकाळी मांडव भरला. डीजेवाल्याला धवले संपेपर्यंत गप्प राहायचं बजावलं होतं; तो आपल्या पेट्यांवर बसून वेफर खात होता. पलीकडच्या गावची धवलारीण आमंत्रणावरून आली होती. ती पहिल्या रांगेत बसली, हिरवं पातळ, तोंडात पान. मावशींकडे पाहून ती हसली. मावशी हसल्या. आसपासच्या बायका गप्प झाल्या.

"आज सून म्हनते गं?" तिने विचारलं. "झेपंल ना तिला?"

मावशींना उत्तर देता येत नव्हतं. डॉक्टरांनी घातलेल्या बंदीचा मला तेव्हा प्रथमच आदर वाटला.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. फोन मांडीवर, त्यावर रुमाल. हळदीचं पातेलं आलं. सून दाराशी बसली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पहिल्या धवल्यावर बोट ठेवलं. माझ्या पडद्यावर गाण्याची रेघ हलायला लागली. ती एक श्वास थांबली आणि तिने ओळ उचलली.

सुरुवात बारीक झाली. दुसऱ्या ओळीला मागून दोन म्हाताऱ्यांनी झील धरली. मग चौघींनी. आवाज मोकळा होत गेला. मी दर विधीला पुढचा धवला लावत होतो, ती लांबण लावायला लागली तर थोडा वेळ थांबवत होतो, आवाज कमीजास्त करत होतो. एकदा नवऱ्या मुलाच्या मित्रांनी आरडाओरडा केला तेव्हा मी आवाज वाढवला, आणि तिने लगेच सूर वर नेला. आमचं जमलं होतं. न्हाऊ घालायच्या धवल्याला ती डोळे मिटून, हसत म्हणत होती; आत्याबाई डोलत होत्या, आणि मावशींनी पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. माझे डोळे ओले झाले. त्यात हळद गेली असंही शक्य आहे. ती मांडवभर उडत होती.

शेवटचा धवला संपला. पलीकडच्या गावच्या बाईने पान थुंकलं, परत आली, आणि सुनेच्या गालाला हळद लावून म्हणाली, "म्हनलंस गं. सासूवानीच म्हनलंस." मग, "वाईच घाई करतेस," असंही म्हणाली. तेवढं नसतं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसला नसता. मावशींनी सुनेला जवळ ओढलं आणि आपल्या शेजारी बसवलं. मागे नाही. डीजेवाल्याला खूण झाली. सेक्रेटरी मला येऊन म्हणाले की तंत्रज्ञान आणि परंपरा यांचा हा जो संगम आहे त्यावर पुढच्या गणपतीत मी बोलावं.

मी नको म्हणालो. पण मनातल्या मनात पहिलं वाक्य तयार झालं होतं.

गर्दी जरा पांगली तशी सून माझ्यासाठी सरबत घेऊन आली. हात कोपरापर्यंत पिवळे.

"सर, तुमी होतात म्हनून धीर आला."

"आवाज नीट येत होता ना? मध्ये मी वाढवला होता."

ती जरा ओशाळली. तिने पदराची गाठ सोडली. आत इअरबड होता.

"रागवू नका सर. पयल्याच गान्याला आय कानात बोलली, 'तोंड उघर गो, मेलीस कं?' रेकॉर्डिंगमधी मधी मधी तशीच बोलते ती. मंग मी कानातून कारून ठेवला."

त्या संध्याकाळी मी सगळे धवले ओळीने, एकही न चुकता वाजवले. ते सगळे गाठीत वाजले.